‘यादीत आहे का?’ : जावास्क्रिप्ट उत्तर कसं देते

समजा, निकालाचं एक साधं वेबपान आहे. विद्यार्थी बैठक क्रमांक टाकतो, बटण दाबतो आणि ‘उत्तीर्ण’ किंवा ‘यादीत नाही’ असं उत्तर येतं. पानामागे जावास्क्रिप्ट भाषेतला छोटासा प्रोग्रॅम असतो. त्याच्याजवळ उत्तीर्णांच्या क्रमांकांची यादी असते आणि आलेला क्रमांक त्या यादीत आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. अशा क्रमवार यादीला प्रोग्रॅमर ॲरे म्हणतात. ऑनलाइन दुकानात एखादी वस्तू आधीच टोपलीत टाकलेली आहे का, अर्जात निवडलेला तालुका त्या जिल्ह्यातलाच आहे का, हे प्रश्नही याच जातीचे.

उत्तर हो किंवा नाही, एवढंच. तरी ते थेट देणारी सोय भाषेच्या प्रमाण आवृत्तीत आली २०१६ च्या जूनमध्ये. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तो १९९५ च्या मे महिन्यात. म्हणजे मधे एकवीस वर्षं गेली. या वर्षांचा इतिहास आणि त्या सोयीची वागणूक पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते: ‘आहे का?’ विचारण्याआधी, दोन गोष्टी सारख्या कधी मानायच्या हे ठरवावं लागतं. हे ठरवून लिहिलेला प्रोग्रॅम भरवशाचा असतो. न ठरवता लिहिलेला बहुतेक वेळा बरोबर चालतो आणि एखाद्या दिवशी बिनदिक्कत चुकीचं सांगतो. त्या दिवशी पडद्यापुढे बसलेल्या मुलाला चूक कुठे झाली हे कळायला मार्ग नसतो.

शून्य आणि उणे एक

सुरुवातीला तयार सोय काहीच नव्हती. प्रोग्रॅमर फॉर लूप लिहायचा, पहिल्या घटकापासून शेवटच्यापर्यंत एकेकाशी तुलना करायचा आणि सापडलं की थांबायचा. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.५ ने ‘इंडेक्सऑफ’ नावाची पद्धत आणली आणि डिसेंबर २००९ मध्ये ती जावास्क्रिप्टच्या एक्मास्क्रिप्ट ५ या प्रमाण आवृत्तीत दाखल झाली. तरी सगळ्यांना ती लगेच वापरता आली नाही. त्या वेळी घरोघरी असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीत ती नव्हती. २०११ च्या नवव्या आवृत्तीत आली. तोवर अनेक जण जेक्वेरी या लायब्ररीतल्या ‘इनॲरे’वर काम भागवत होते.

इंडेक्सऑफ हो किंवा नाही सांगत नाही, जागा सांगते. ॲरेतली मोजणी शून्यापासून होते. त्यामुळे पहिल्या जागी सापडलं तर उत्तर ०, दुसऱ्या जागी सापडलं तर १ आणि सापडलंच नाही तर -१. जावास्क्रिप्टमध्ये ‘जर’ची अट तपासताना शून्य हे ‘खोटं’ धरलं जातं आणि बाकीचे जवळजवळ सगळे आकडे ‘खरे’. उणे एकसुद्धा खराच. आता नवख्याने घाईत ‘जर इंडेक्सऑफ, तर उत्तीर्ण’ असं लिहिलं तर काय होईल? यादीतला पहिला विद्यार्थी नापास ठरेल आणि यादीत नसलेला प्रत्येक जण पास होईल. मधले क्रमांक टाकून चाचणी घेतली तर सगळं ठीक दिसेल. म्हणूनच ही चूक इतकी वर्षं पुन्हापुन्हा होत राहिली.

उत्तर -१ नाही ना, हे स्पष्ट तपासणं हा त्यावरचा सरळ उपाय. काही जण ~ हे चिन्ह वापरायचे. हे चिन्ह आकड्याचे सगळे बिट उलटे करतं आणि त्यात -१ चं नेमकं शून्य होतं. युक्ती अचूक होती, पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला तिचा अर्थ लागायचा नाही. विचारायचं होतं ‘आहे का?’ आणि हाती होतं ‘कुठे आहे?’, या फटीतून हे सगळे प्रकार शिरले.

सारखेपणाचे चार नियम

जावास्क्रिप्टच्या नियमग्रंथात सारखेपणाचे एकूण चार वेगवेगळे नियम आहेत. यादीत काही शोधताना यातला कोणता लागू होतो, यावर उत्तर ठरतं.

पहिला नियम सैल, == या चिन्हाचा. दोन्ही बाजूंचे प्रकार वेगळे असले तर तो आधी एकाचं रूपांतर करतो आणि मग तुलना करतो. त्यामुळे अवतरणात इंग्रजी अंकात लिहिलेलं ‘0’ आणि आकडा ० त्याला सारखे वाटतात. रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ) आणि आकडा ० सुद्धा सारखे. पण रिकामी स्ट्रिंग आणि ‘0’ ही स्ट्रिंग मात्र सारख्या नाहीत. पहिली दुसऱ्यासारखी आणि दुसरी तिसऱ्यासारखी असूनही पहिली तिसऱ्यासारखी नाही, असा नियम शोधाच्या कामाला चालत नाही.

दुसरा नियम कडक, === चा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो भाषेत आहे. प्रकार वेगळा असेल तर तो रूपांतर करत बसत नाही, सरळ नाही म्हणतो. इंडेक्सऑफ हाच नियम वापरते. पण त्यातही एक अपवाद आहे, ‘नॅन’ या मूल्याचा. नॅन म्हणजे आकडा म्हणून अर्थ न लागणारं उत्तर. शून्याला शून्याने भागलं किंवा एखाद्या शब्दाचा आकडा करायला सांगितलं की ते हाती येतं. कडक नियमानुसार नॅन हे स्वतःशीसुद्धा सारखं नसतं.

ही अट जावास्क्रिप्टने शोधलेली नाही. संगणकातल्या दशांश आकड्यांसाठी १९८५ मध्ये आयट्रिपलई ७५४ हे मानक ठरलं आणि ते घडवण्यात गणितज्ञ विल्यम कहान यांचा मोठा वाटा होता. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या मानकात नॅनची कोणाशीही बरोबरी होत नाही. अर्थ न लागणारी दोन उत्तरं वेगवेगळ्या चुकांमधून आलेली असू शकतात, मग ती एकच कशी मानायची? गणिताच्या बाजूने हा विचार योग्य आहे. पण यादीत शोधताना तो अडचणीचा ठरतो. यादीत नॅन डोळ्यांपुढे दिसत असतं आणि इंडेक्सऑफ ते नाही म्हणून सांगते.

तिसरा नियम ‘ऑब्जेक्ट.इज’ या पद्धतीमागचा. तो नॅनला नॅनसारखं मानतो, पण धन शून्य आणि ऋण शून्य यांत भेद करतो. ऋण शून्य ही कल्पना विचित्र वाटेल, पण उणे पाचाला शून्याने गुणलं की जावास्क्रिप्टमध्ये तेच मिळतं. यादीत शून्य शोधणाऱ्याला हा भेद नको असतो. म्हणून चौथा नियम आला: नॅन नॅनसारखं आणि दोन्ही शून्यं एकच. नियमग्रंथात त्याला ‘सेमव्हॅल्यूझीरो’ म्हणतात. २०१६ ची नवी पद्धत, ‘इन्क्लूड्स’, हाच नियम वापरते. ती जागा सांगत नाही. खरं किंवा खोटं एवढंच सांगते. शून्य आणि उणे एकचा घोळ तिथे उद्भवतच नाही.

मग इंडेक्सऑफच दुरुस्त का केली नाही? कारण ती जशी आहे तशी गृहीत धरून असंख्य वेबपानं लिहिली गेली होती. मोबाइलवरचं ॲप नवं करता येतं. वेबवर मात्र दहा वर्षांपूर्वी कोणीतरी बनवून सोडून दिलेलं पानही आजच्या ब्राउझरमध्ये उघडलं पाहिजे. या भाषेचे नियम ठरवणारी टीसी३९ समिती हे पथ्य कसोशीने पाळते. म्हणून जुनी पद्धत तिच्या दोषासह राहिली आणि शेजारी नवी आली.

ठरलेलं नाव बदललं

नव्या पद्धतीच्या नावालाही हेच पथ्य आडवं आलं. डॉमेनिक डेनिकोला आणि रिक वॉल्ड्रन यांनी पुढे नेलेल्या या प्रस्तावात आधी ‘कंटेन्स’ हे नाव होतं. २०१४ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि काही चालू वेबसाइट बिघडल्या. शोध घेतल्यावर मूटूल्स या जुन्या लायब्ररीचं नाव पुढे आलं. मूटूल्स भाषेतल्या मूळ ॲरेवरच स्वतःच्या पद्धती बसवत असे आणि त्यांत ‘कंटेन्स’ आधीपासून होती. ब्राउझरची पद्धत आणि लायब्ररीची पद्धत यांचा एकाच नावावर संघर्ष झाला. तेव्हा मूटूल्सचा भर ओसरला होता, पण तिच्यावर उभी पानं चालू होती. समितीने नाव बदलून ‘इन्क्लूड्स’ केलं. स्ट्रिंगमध्ये मजकूर शोधणाऱ्या पद्धतीचं नावही त्याच कारणाने ‘कंटेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ झालं.

यातून प्रोग्रॅमरने घ्यायचा धडा साधा आहे. भाषेच्या मूळ वस्तूंवर आपल्या पद्धती चिकटवू नयेत. आज ते सोयीचं वाटतं, पण उद्या भाषेला त्याच नावाची सोय आणायची असेल तर आपण सगळ्यांची वाट अडवतो. लागणारं फंक्शन वेगळं लिहावं.

बैठक क्रमांक हा आकडा आहे का?

आता निकालाच्या पानाकडे वळू. पानावरच्या चौकटीत काहीही भरलं तरी प्रोग्रॅमकडे ते स्ट्रिंग म्हणून येतं, म्हणजे अक्षरांची माळ म्हणून. यादी मात्र अनेकदा आकड्यांची असते. इन्क्लूड्स प्रकार बदलून बघत नाही, म्हणून क्रमांक बरोबर असूनही ती ‘नाही’ म्हणते. ही चूक कळली की बहुतेक जण आलेल्या स्ट्रिंगचा आकडा करून घेतात. इथे मराठी वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं असा धोका आहे.

जावास्क्रिप्ट आकडा ओळखताना फक्त इंग्रजी अंक ओळखते. विद्यार्थ्याने मराठी कीबोर्डवरून ५ टाकला तर रूपांतराचं उत्तर येतं नॅन. विसंगती अशी की हीच भाषा उलट दिशेचं काम छान करते: संख्या मराठी पद्धतीने दाखव असं सांगितलं की ती १,२३,४५६ असं देवनागरी अंकांत, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह लिहून देते. तिनेच लिहिलेलं तिला परत वाचायला दिलं की मात्र नॅन. त्यामुळे मराठी अंक स्वीकारायचे असतील तर एकेक अंक इंग्रजीत बदलणारी चार ओळींची सोय आपणच करावी लागते.

आता दोन चुका एकत्र येऊ द्या. यादी एखाद्या तक्त्यातून बनवली आहे आणि त्यातल्या एका घरात क्रमांकाच्या जागी ‘राखीव’ असा शेरा राहून गेला आहे. सगळ्या घरांचे आकडे करताना त्या शेऱ्याचं नॅन झालं आणि ते यादीत बसलं. इकडे विद्यार्थ्याने मराठी अंकांत क्रमांक टाकला, त्याचंही नॅन झालं. इन्क्लूड्स नॅनला नॅनसारखं मानते, तेव्हा उत्तर येईल: आहे, उत्तीर्ण. चौकटीत नुसतं ‘अबक’ टाकणाराही उत्तीर्ण. इंडेक्सऑफने इथे -१ दिलं असतं. म्हणजे नवी पद्धत नॅनच्या बाबतीत जास्त सुसंगत असली तरी अशा ठिकाणी तीच सुसंगती अंगाशी येते. म्हणून शोधण्याआधी हाती आलेलं मूल्य आकडा म्हणून वैध आहे का, हे वेगळं तपासावं. रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा केला तर शून्य येतो, हेही ध्यानात ठेवावं.

खरं तर बैठक क्रमांकाचा आकडा करायचं कारणच नाही. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो ओळख पटवण्यासाठी असतो आणि त्याच्या सुरुवातीची शून्यं आकडा केल्यावर गळून पडतात. पिनकोड, फोन नंबर, खाते क्रमांक यांनाही हेच लागू. दोन्हीकडे स्ट्रिंगच ठेवावी, पुढची-मागची रिकामी जागा काढावी, अंक एका लिपीत आणावेत आणि मग इन्क्लूड्सला विचारावं.

तोच तांब्या की तसाच तांब्या

यादीत नुसते क्रमांक नसून विद्यार्थ्यांची पूर्ण नोंद असेल, म्हणजे नाव, क्रमांक, गुण असं सगळं, तर प्रत्येक नोंद हे एक ऑब्जेक्ट असतं. अगदी तसंच ऑब्जेक्ट नव्याने बनवून इन्क्लूड्सला विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते. पूर्वी लग्नात मिळालेल्या स्टीलच्या तांब्यांवर नाव कोरून घेत. दोन तांबे एका मापाचे आणि दोन्हींवर एकच नाव असलं तरी घरात तांबे दोन असतात. ऑब्जेक्टच्या बाबतीत जावास्क्रिप्ट याच नजरेने बघते. आत काय लिहिलंय हे ती तपासत नाही, नेमकी हीच वस्तू यादीत ठेवली होती का, हे बघते.

आपल्याला आतला मजकूर जुळवायचा असेल तर ‘सम’ ही पद्धत वापरायची. इंडेक्सऑफबरोबर तीही २००९ पासून प्रमाण भाषेत आहे. तिला आपण कसोटी देतो: ज्याचा क्रमांक अमुक आहे असा एक तरी घटक आहे का? ती खरं किंवा खोटं सांगते आणि सापडताच थांबते. यात सारखेपणाचा नियम आपल्या हातात येतो, हा तिचा मोठा गुण.

तिच्यासारखी दिसणारी ‘फाइंड’ घटकच परत करते, आणि सापडलेला घटक शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग असेल तर ‘जर’च्या अटीत तो खोटा ठरतो. ‘आहे का?’साठी तिचा उपयोग करू नये. पायथन भाषेतून येणाऱ्यांना ‘इन’ हा शब्द फसवतो. पायथनमध्ये तो यादीतलं मूल्य शोधतो. जावास्क्रिप्टमध्ये तो जागेचा क्रमांक शोधतो. दहा, वीस आणि तीस अशा यादीत ‘दोन आहे का?’ म्हटलं तर उत्तर हो, कारण दोन क्रमांकाची जागा आहे. ‘दहा आहे का?’ म्हटलं तर नाही.

यादी मोठी झाली की

इन्क्लूड्स, इंडेक्सऑफ आणि सम तिन्ही पहिल्या घटकापासून एकेक बघत जातात. यादी शे-दोनशेची असेल तर याची काळजी करू नये. अडचण येते ती शोध पुन्हापुन्हा घ्यायचा असतो तेव्हा. दहा हजार अर्जदार आणि दहा हजार पात्र व्यक्तींची यादी यांची जुळणी करायची आणि प्रत्येक अर्जदारासाठी इन्क्लूड्स चालवायची, तर तुलनांची संख्या दहा कोटींपर्यंत जाऊ शकते.

इथे २०१५ च्या आवृत्तीत आलेला ‘सेट’ उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक मूल्य एकदाच राहतं आणि ‘हॅज’ने विचारल्यावर शोधाचा वेळ सरासरीने घटकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, अशी अट नियमग्रंथातच आहे. सामान्यतः मूल्यावरून त्याच्या साठवणीची जागा गणिताने काढली जाते, त्यामुळे सगळे घटक चाळावे लागत नाहीत. पात्र यादीचा सेट एकदा बनवला की दहा हजार अर्जदारांसाठी दहा हजार छोटे शोध पुरतात. सेट बनवतानाही पूर्ण यादी एकदा वाचावी लागते, म्हणून एकाच प्रश्नासाठी तो बनवण्यात फायदा नाही. सारखेपणाचा नियम मात्र तोच, सेमव्हॅल्यूझीरो. त्यामुळे इन्क्लूड्सच्या जागी सेट आणला तरी उत्तरं बदलत नाहीत.

वऱ्हाड यादीत आहे का?

स्ट्रिंगच्या बाबतीत चारही नियमांचं एकमत आहे: दोन्ही बाजूंची संकेतचिन्हं एकापाठोपाठ एक तंतोतंत जुळली तर सारखं, नाही तर वेगळं. इंग्रजी शब्दांना एवढं बहुतेक वेळा पुरतं. मराठीला पुरत नाही.

कोकण, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड अशी प्रदेशांची यादी घ्या. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला आढळू शकतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून. दोन, साधा र, त्याला वेगळा नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टला त्यांची लांबी विचारली तर पहिल्याची सहा, उरलेल्या दोघांची सात. इन्क्लूड्सच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. एका कीबोर्डवरून भरलेल्या यादीत दुसऱ्या कीबोर्डवरून टाकलेलं वऱ्हाड सापडणार नाही. कऱ्हाड, दऱ्या, पुऱ्या, सगळ्यांची हीच गत.

२०१५ पासून स्ट्रिंगला ‘नॉर्मलाइज’ ही पद्धत आहे. ती पहिल्या दोन रूपांचं एक रूप करते. तिसरं मात्र तसंच राहतं, कारण युनिकोडच्या समतुल्यतेच्या नियमांत ते बसत नाही. तिसऱ्याचं पहिलं करणारा बदल आपणच करावा लागतो आणि तो दोन्ही बाजूंना करावा लागतो: यादी साठवतानाही आणि शोधाचा शब्द घेतानाही.

नॅनचा प्रश्न जगभरच्या प्रोग्रॅमरांना छळत होता, म्हणून समितीने तो सोडवला. मराठी अर्ध्या र ची अडचण मराठी मजकूर हाताळणाऱ्यालाच येते. शाळेच्या हजेरीपटावर, ग्रंथालयाच्या सूचीत, सरकारी योजनेच्या लाभार्थी यादीत असलेलं नाव केवळ वेगळ्या कीबोर्डमुळे ‘नाही’ ठरू नये, ही जबाबदारी ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची आहे. काम अवघड नाही: मजकूर आत येतो त्या एकाच ठिकाणी अंक, रिकाम्या जागा आणि अक्षररूपं एकसारखी करणारं छोटं फंक्शन लिहावं, तिन्ही प्रकारचं वऱ्हाड देऊन ते तपासावं आणि मगच यादीला प्रश्न विचारावा. मराठी शब्द सारखे कधी मानायचे, हे मराठी जाणणाऱ्या प्रोग्रॅमरनेच ठरवायचं आहे.